कलम नऊचा हुंकार

सोमवार, ९ ऑक्टोबर

चिठ्ठी निघाली ती माझ्याच नावाची! चौसष्ट माणसं, एक काचेची बरणी, अध्यक्षबाईंनी हात घातला आणि नेमकी माझी काढली. पाच दिवसांच्या बैठकीची टिपणं मी घ्यायची. टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले, ‘आभार’ एवढंच म्हणून बसले — बक्षीस लागल्यासारखी.

बसल्यावर शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ कागदातून डोकं वर न काढता म्हणाले, “टिपणकाराला हुंकार देता येत नाही. माहीत असेलच.”

माहीत नव्हतं! नियमपुस्तिका विमानात दोनदा वाचली होती, तरी. पान अकरा, तळटीप.

म्हणजे वाचनालयातलं टेबल सोडून, रजा काढून, इतक्या लांब आले ती एका कलमासाठी, आणि त्याच कलमावर माझं तोंड बंद. तेव्हाच उठून चिठ्ठी परत करायला हवी होती. का नाही केली? खरं लिही. टाळ्या आवडल्या.

घसा बसलाय. विमानातल्या गार हवेनं.

मंगळवार, १० ऑक्टोबर

सहालाच जाग आली आणि पुन्हा डोळा लागेना. परीक्षेच्या दिवशी व्हायचं तसं. या वयात!

किती अजब कारभार आहे हा. इंटरनेट कुणा एकाच्या मालकीचं नाही, म्हणून त्याचे नियमही कुणा एकानं करायचे नाहीत. सरकारं, कंपन्या, तारा नि यंत्रं सांभाळणारे तंत्रज्ञ, आणि चौथे आम्ही — नुसते वापरणारे. प्रत्येक गटाचे सोळा, जगभरातून. मोठं गोल टेबल. खुर्च्यासुद्धा चिठ्ठ्या टाकून, म्हणजे सरकारं सरकारांच्या कानाला लागणार नाहीत. दोन खुर्च्यांत एक माइक. चालू असला की त्याच्या मानेभोवती लाल कडं पेटतं.

आणि मत द्यायचं ते हात वर करून नाही. हात दिसतो. ज्याचा साहेब घरी बसून चित्रण बघतोय त्याचा हात वर जात नाही. म्हणून हुंकार! मी टिपणकार म्हणून कलम मोठ्यानं वाचते. अध्यक्षबाई म्हणतात, “माइक बंद.” मग ज्यांना पटलं त्यांनी ओठ मिटून ‘हूं’ करायचं. नंतर ज्यांना पटलं नाही त्यांनी. बाई डोळे मिटून दोन्ही ऐकतात आणि खोलीचा कल सांगतात. कुणी दिला, कुणी नाही, कुणालाच कळत नाही. ओठ तर सगळ्यांचेच मिटलेले.

लेक लहान असताना गोष्ट सांगायला बसलं की तिचा हुंकार थांबेपर्यंत सांगायची. इथं टाय लावलेले मोठमोठे लोक तोच उद्योग करतात! कलम दोनवर पहिला हुंकार झाला तेव्हा आधी हसू येत होतं. मग तो आवाज टेबलाच्या लाकडातून मनगटात आला आणि हसू गेलं. अंगावर काटा. चाळीस-पन्नास अनोळखी माणसं एकाच वेळी ‘पटलं’ म्हणतायत!

शेजारच्या गृहस्थांनी ओठसुद्धा मिटले नाहीत; पाणी पीत होते. आमच्याच देशाचे आहेत, दूरसंचार खात्याचे. सरळ भांग, चार रंगांची पेनं. चिठ्ठीनं मला नेमकं यांच्याच शेजारी बसवावं! मी विचारलं, तुम्ही हुंकार देत नाही का? म्हणाले, “आमच्या खात्यात हुंकाराला जावक क्रमांक मिळत नाही. आमचं म्हणणं कागदावर असतं.”

मनात त्यांचं नाव जावकसाहेब पडलं. हे वाईट आहे. पण चिकटलं.

बुधवार, ११ ऑक्टोबर, सकाळी

आज कलम नऊ!

कलम एवढंसं: कुठल्याही भागातलं इंटरनेट मुद्दाम बंद करायचं असेल, तर तीन दिवस आधी, कारणासह, जाहीर करायचं. बंद करू नका असंसुद्धा म्हटलेलं नाही. नुसतं आधी सांगा! हा काही कायदा नव्हे, पण एकदा बैठकीच्या मान्य कलमांच्या यादीत गेलं की प्रत्येक सरकारला दर वर्षी जगासमोर उत्तर द्यावं लागेल — किती वेळा बंद केलंत, आधी सांगितलंत का.

बुधवार, दुपारी

जेवणाच्या सुट्टीत मी जावकसाहेबांशी भांडले. नाही, भांडण नव्हतं. बोलणारी मी एकटीच होते.

त्यांनी सकाळी वीस मिनिटं खात्याचा कागद वाचला. कलम नऊला तीव्र विरोध. सुव्यवस्था, सुरक्षितता, तातडी. सुट्टीत कॉफीच्या रांगेत ते माझ्या पुढे. राहवलं नाही. सांगून टाकलं: दोन वर्षांपूर्वी आमच्या गावाचं इंटरनेट नऊ दिवस बंद होतं. आदल्या दिवशी कळलं असतं तरी पुरलं असतं. वाचनालयाच्या संगणकांवरून महाविद्यालयांचे प्रवेश-अर्ज भरणारी एक्केचाळीस मुलं होती. मुदत गेली. एक्केचाळीस जणांचं वर्ष गेलं. त्यांतली एक माझी लेक. पोरं रोज सकाळी येऊन बंद पडद्यांसमोर बसायची आणि मला विचारायची, “बाई, आज?” जणू बटण माझ्याकडे होतं.

रांग पुढे सरकली, ते सरकले नाहीत. विचारलं, “लेक कशाला जाणार होती?”

ध्वनिमुद्रण. पुढच्या वर्षी गेली. आता दुसऱ्या वर्षाला आहे.

मग ते म्हणाले, “ती फाइल माझ्याच टेबलावरून गेली होती. जावक क्रमांक मी घातला.”

इतक्या सहज! कॉफी घेतली, माझ्यासाठी एक कप बाजूला ठेवला आणि गेले. मी त्या कपाला हात लावला नाही. आता वाटतंय, कॉफीचा काय दोष?

बुधवार, संध्याकाळी

झालं!! कलम नऊ झालं!!!

नीट लिही, टिपणकारासारखं. चार वाजून दहा मिनिटांनी मी कलम वाचलं. आवाज फाटका, शेवटच्या ओळीला तर नुसती हवाच. बाई म्हणाल्या, “माइक बंद.” मग “ज्यांना पटतं—” आणि आवाज आला! कलम दोनएवढा मोठा नाही, पण दाट, खालून येणारा. मी वहीत मान घालून बसले, डोळ्यांत पाणी. मग विरोधाचा हुंकार. तोही मोठा. फार मोठा! बाईंनी डोळे उघडलेच नाहीत. किती वेळ — मला वाटतं वीस सेकंद. मग म्हणाल्या, “खोली थोडक्यात बाजूनं आहे.”

थोडक्यात! थोडक्यात तर थोडक्यात!

घरी फोन केला. लेकीला म्हटलं, झालं. ती म्हणाली, “तुझा घसा का असा? ओरडलीस का बैठकीत?” मागून नवऱ्याचा आवाज: ओरडली असणार. दोघं हसली. मग लेक एकदम हळू म्हणाली, “आई, खरंच झालं?”

गुरुवार, १२ ऑक्टोबर, सकाळी

काहीतरी भयंकर झालंय.

टिपणं पक्की करायला प्रत्येक माइकचं वेगळं मुद्रण टिपणकाराला देतात, एका पेनड्राइव्हवर. न्याहारीआधी आमच्या माइकचं ऐकत होते. माझं कलम वाचणं. बाईंचं “माइक बंद.” आणि मग — आमचा माइक बंद झालेला नाही! माझं चुकलं, कलम मी वाचलं होतं, बटणही मीच दाबायचं होतं. लांबून खोलीचा हुंकार येतो. आणि त्याच्यावर, अगदी माइकला लागून, एक जाड घोगरा हुंकार. मध्ये माझाच खोकला. म्हणजे माइक आमचाच, शंका नको. विरोधाच्या वेळी मात्र जवळून काही नाही, फक्त माझ्या पेनची खरखर.

तो आवाज सभागृहातल्या स्पीकरमधून सगळीकडे गेला असणार. बाईंनी जे ऐकलं त्यात एक गळा दहा गळ्यांएवढा वाजला. आणि निकाल ‘थोडक्यात’.

मी हुंकार दिला? आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण माझी सवय मला माहीत आहे. काम करताना मी नकळत गुणगुणते. सूर नाही, चाल नाही, नुसती घरघर. घरात म्हणतात, “आईचा फ्रिज चालू झाला.” वाचनालयात दोनदा वाचकांनी तक्रार केलीय! आणि त्या क्षणी माझं सगळं अंग ‘हूं’ म्हणत होतं. घसा बसलेला, म्हणून आवाज एवढा जाड.

कुणालाच कळणार नाही. पेनड्राइव्ह फक्त माझ्याकडे. अहवाल पक्का झाला की मुद्रण पुसायचं, असा नियमच आहे. म्हणजे गप्प राहायला काही करावंसुद्धा लागत नाही.

एक्केचाळीस मुलं. त्यांच्यासाठी गप्प बसलं तर ते पाप की— नको. हा युक्तिवाद मी दुसऱ्या कुणाकडून ऐकला असता तर वहीत त्याच्याखाली लाल रेघ मारली असती. “तातडी होती म्हणून सांगितलं नाही” — हे तर ज्यांच्या विरुद्ध आपण आलोय त्यांचंच वाक्य!

गुरुवार, दुपारी

सांगितलं.

दहा वाजता, सगळ्यांसमोर. उभी राहिले, माइक लावला, लाल कडं पेटलं, बुधवारी हा माइक चालूच राहिला आणि त्यावर बाजूचा हुंकार आहे, एवढं सांगितलं. बाईंनी शांतपणे विचारलं, “हुंकार तुम्ही दिलात?”

मी म्हटलं, दिला असणार. आठवत नाही, पण आवाज माझ्या माइकवर आहे.

पलीकडून एका कंपनीच्या माणसानं विचारलं, “एका माइकवर तर दोघं असतात ना?” सगळ्यांच्या माना जावकसाहेबांकडे वळल्या, आणि अख्खी खोली हसली. वीस मिनिटं विरोध वाचणारा माणूस! मलासुद्धा हसू आलं, तशातही. ते कागदांच्या कडा जुळवत राहिले.

बुधवारचा निकाल रद्द. उद्या सकाळी पुन्हा हुंकार, सगळे माइक टेबलावरून उचलून. आणि नियमाप्रमाणे मला दोन वर्षं कुठल्याही बैठकीत खुर्ची नाही. टिपणं उद्यापर्यंत मीच पुरी करायची, कारण दुसरी चिठ्ठी काढायची तरतूदच नाही. बाई हे वाचताना अडखळल्या. मला त्यांचीच दया आली.

दोन वर्षं! पुढच्या वर्षी कलम नऊवर सरकारांची पहिली उत्तरं येणार होती. ती ऐकायला मी असणार नाही. पण आधी कलम तर यादीत जाऊ दे.

बाहेर व्हरांड्यात जावकसाहेब आले. म्हणाले, “कशाला सांगितलंत?” मी म्हटलं, खरं होतं म्हणून. ते म्हणाले, “खात्री आहे, तो आवाज तुमचाच होता?”

टोमणा वाटला मला. मी म्हटलं, “शंभर टक्के, साहेब. तुमच्यासारखं कागदावर हवंय का?”

ते म्हणाले, “नको. कागदावर नको.”

सुट्टीनंतर परत आले तर माझ्या वहीवर घशाच्या गोळ्यांचं पाकीट. त्यांनीच ठेवलेलं, दुकानाची पावती त्यांच्या हिरव्या पेनाखाली दाबलेली. टिपणकारानं कुणाकडून भेट घ्यायची नाही. भेटींच्या वहीत नोंद केली: ‘घशाच्या गोळ्या, एक पाकीट, शासकीय प्रतिनिधीकडून.’ नोंद बघणाऱ्या मुलीनं विचारलं, किती गोळ्या? मोजल्या. बारा. मग दोन खाल्ल्या. आता दहा. दुरुस्ती करावी लागेल का?

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

माइक उचलल्यावर टेबल उघडंबोडकं दिसत होतं, दात पडलेल्या तोंडासारखं.

कलम मी वाचलं, उभ्यानं, मोठ्यानं. गोळ्यांनी घसा बरा होता. बसले आणि पेन दातांत आडवं धरलं. शप्पथ, श्वाससुद्धा तोंडानं घेतला, नाकानं चुकून काही वाजायला नको!

बाईंनी डोळे मिटायच्या आधी जावकसाहेब उठले, खुर्ची आत सरकवली आणि दार लोटून बाहेर गेले. हुंकाराच्या वेळी उठून जाणारे ते एकटेच. एवढा तिटकारा! मला संताप आला, आणि संतापात पेनावर दात उमटले.

बाजूनं. मग विरोधात. मी कान देऊन ऐकलं आणि मला काहीएक फरक कळला नाही. बाईंना कळला. पण त्या म्हणाल्या, पुन्हा. पुन्हा झालं. आणि दुसऱ्या वेळी बाजूचा आवाज वाढला! कुठून वाढला देव जाणे — काल हसणारे होते त्यांच्यातून की काय! टेबलाच्या डावीकडून, उजवीकडून, खालून वर चढत गेला. बाईंनी डोळे उघडले. “खोली बाजूनं आहे.” आज ‘थोडक्यात’ नाही म्हणाल्या!

मला लिहिता येईना. बाजूच्या खुर्चीवर कुणी नव्हतं म्हणून निवांत रडले. मग नोंद केली: ‘कलम नऊ मान्य. वेळ ९.५२.’

जाताना बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत म्हणून आज खोली मोठ्यानं बोलली. असेल. किंवा त्या चांगल्या आहेत.

जावकसाहेब दिसले नाहीत. आभार मानायचे राहिले. गोळ्यांचे.

रविवार, १५ ऑक्टोबर

घरी. लेकीनं दारातच मिठी मारली, मग लांब होऊन माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “दोन वर्षं हद्दपार? मी शाळेत एकदाच वर्गाबाहेर उभी होते, तर तू आठवडाभर बोलली नव्हतीस.”

नवऱ्यानं फ्रिजवर कागद चिकटवलाय: ‘शांतता राखा. टिपणं चालू आहेत.’ फार हसलो.

सोमवार, १६ ऑक्टोबर

वाचनालयात त्या एक्केचाळीसांतला एक मुलगा आला होता. आता टपाल कचेरीत लागलाय. त्याला कलम नऊ वाचून दाखवलं. ऐकून म्हणाला, “बस, एवढंच? नुसतं आधी सांगायचं?” मग म्हणाला, “एवढंच तर हवं होतं.”

दिवसभर हवेत होते!

मंगळवार, २४ ऑक्टोबर

अहवालाचा मसुदा आला. अठ्ठावीस पानं. कलम नऊ पान सतरावर, ठळक. त्याखाली बारीक अक्षरात: ‘टिपणकाराने नियमाविरुद्ध हुंकार दिल्याने प्रक्रिया दोनदा घ्यावी लागली.’ नाव नाही, पण बैठकीत टिपणकार एकच होती. हरकत असल्यास ३१ तारखेच्या पाचपर्यंत कळवावी.

हरकत कसली? खरंच आहे. तरी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचतेय. वीस वर्षं मी लोकांच्या पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारतेय, एक तारीख चुकवलेली नाही. आणि जगाच्या कागदावर माझी एवढीच नोंद!

लेक म्हणते, एकदा ऐकव ना तो आवाज, माझा विषयच आहे. मी नाही म्हटलं. बाहेरच्या कुणाला ऐकवायचं नाही. ती म्हणाली, “मी बाहेरची?” मी पेनड्राइव्ह कपाटात ठेवून दिला.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

मी भाजी चिरत होते. लेकीनं न विचारता पेनड्राइव्ह लावला, कानांवर तिचे मोठे हेडफोन. तीनदा ऐकून तिनं मला हाक मारली. “आई, हा आपला फ्रिज नाही. हे बघ, इथं तू खोकतेयस. आणि ‘हूं’ चालूच आहे, जरासुद्धा तुटत नाही. एका गळ्यातून दोन्ही कसं निघेल?”

ऐकलं. खोकला माझा. आणि त्याच्याखाली तो जाड आवाज, सरळ, न थांबता. एका माइकवर दोनच खुर्च्या.

“म्हणजे ते? ज्यांनी माझ्या वर्षाला जावक क्रमांक घातला ते?” तिनं हेडफोन काढून गळ्यात टाकले. मग म्हणाली, “कळव त्यांना. खुर्ची परत मिळेल तुझी.” आणि लगेच, “नको कळवूस. त्यांची जाईल.”

चार वाजता अध्यक्षबाईंना लिहिलं: ‘अहवाल वाचला. आवाज माझाच होता. हरकत नाही.’ मग नियमाप्रमाणे मुद्रण पुसलं.

आयुष्यातली पहिली खोटी नोंद. एकदाही खाडाखोड करावी लागली नाही.